तोंडचा घास

नोव्हेंबर उजाडला की गिरगाव चौपाटीच्या पाण्यावर, शिवडीच्या चिखलात आणि गेटवेवरून मांडव्याला निघालेल्या लाँचच्या मागे पांढऱ्या-राखाडी पक्ष्यांचे थवे दिसू लागतात. मुंबईकर त्यांना सरसकट ‘सीगल’ म्हणतो. मराठी पक्षिनिरीक्षक कुरव म्हणतात. थव्यांत दोन-तीन जातींची सरमिसळ असते. त्यांतला एक तपकिरी डोक्याचा कुरव. हिवाळ्यात त्याच्या डोक्याचा तपकिरी रंग उतरलेला असतो, कानामागे तेवढा एक गडद डाग उरतो. फिकट डोळा आणि पंखांच्या काळ्या टोकांवरचे पांढरे ठिपके यांवरून जाणकार त्याला ओळखतात. समुद्रावर दिसतो म्हणून आपण त्याला समुद्राचाच पक्षी समजतो. त्याचे घरटे मात्र लडाखच्या चांगथांगमध्ये, तिबेटच्या पठारावर, तीन-चार हजार मीटरच्या वरच्या सरोवरांकाठी असते. त्सो मोरीरीच्या परिसरात जन्मलेल्या एखाद्या पिल्लाने पहिला हिवाळा मुंबईच्या किनाऱ्यावर काढला, तर त्यात नवल नाही.

म्हणजे उंच पहाडातले वन्यजीव ही आपल्यापासून दूरची, टीव्हीवर पाहायची गोष्ट नाही. त्यांतले काही जण वर्षातले पाच-सहा महिने गिरगावकरांचे शेजारी असतात. आपण या शेजाऱ्याचा पाहुणचार कसा करतो? शेव, गाठी आणि वेफर्स टाकून. लाँचच्या कठड्याशी उभ्या राहिलेल्या पोराच्या हातातली पुडी संपेपर्यंत हा सोहळा चालतो. त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. उलट, घरी परतताना जिवाला बरे वाटते. मुद्दा नेमका इथेच आहे. प्राण्याला खाऊ घातले की आपल्याला बरे वाटते, आणि आपल्याला बरे वाटले म्हणजे प्राण्याचे बरे झाले, असे आपण धरून चालतो. पहाडातल्या प्राण्यांच्या संदर्भात हे गृहीतक फार महागात पडते आहे.

या गृहीतकाला मुंबईत मोठा इतिहास आहे, आणि तो हलका लेखावा असा मुळीच नाही. जून १८३२ मध्ये कोटात जी दंगल झाली, ती भटक्या कुत्र्यांवरून झाली. कुत्रे मारून आणणाऱ्याला सरकार नगामागे आठ आणे देत असे. बक्षिसाच्या लोभाने माणसे पाळीव कुत्रीही ओढून नेऊ लागली, तेव्हा पारशी मंडळी रस्त्यावर उतरली आणि बाजारपेठ बंद पडली. दोन वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई आणि शेठ अमीचंद शाह यांच्या पुढाकाराने पांजरपोळ उभा राहिला. भुलेश्वरच्या गल्ल्यांत तो आजही आहे. पुढे परळला जनावरांचे रुग्णालय आले. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हे त्याचे कागदोपत्री नाव. पण परळ-लालबागच्या पिढ्यांनी ते ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणूनच ओळखले. दादरच्या कबुतरखान्यात तर दाणे टाकणे हा कित्येकांच्या दिनक्रमाचा भाग झाला. शिवाय मराठी घरांत दयेचे संस्कार संतांकडून आले ते वेगळेच. कुत्र्याने भाकरी पळवली म्हणून तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावणारे नामदेव आणि तहानेल्या गाढवाच्या तोंडात गंगेची कावड रिकामी करणारे एकनाथ आपण लहानपणीच ऐकलेले असतात. जनावराला हाकलणे हा क्रूरपणा आणि घास देणे हे पुण्य, ही शिकवण शाळेच्या आधीच अंगात मुरते.

त्याच शहरात दुसरी एक परंपराही वाढली. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या संग्रहालयात, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ गृहस्थ जमले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन केली. आठांत दोन हिंदी होते, दोघेही डॉक्टर: आत्माराम पांडुरंग तर्खडकर आणि सखाराम अर्जुन. तर्खडकर हे प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी. गिरगावात त्या समाजाच्या मंदिरावरून जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असते, की देशातल्या वन्यजीव-अभ्यासाच्या एका थोर संस्थेच्या जन्माशीही हे नाव जोडलेले आहे? पुढे या संस्थेला खेतवाडीत वाढलेला एक मुलगा मिळाला. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीची जात विचारायला तो सोसायटीत गेला आणि सलीम अली झाला. हे सर्वश्रुत आहे. तितके सर्वश्रुत नाही ते हे, की १९४५ साली हे सलीम अली कैलास-मानसरोवरापर्यंत पक्षी पाहत गेले आणि त्या यात्रेचा वृत्तान्त त्यांनी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिला. पुढे १९५९ पासून सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवण्याचे मोठे काम हाती घेतले. त्या कड्यांवर कोरलेला पत्ता मुंबईचा असे. मध्य आशियात कुठे एखाद्या शिकाऱ्याच्या हाती असा पक्षी लागला, तर त्याने कळवायचे ते मुंबईला. काळ्या मानेच्या क्रौंचाचा शोध घेत पुण्याचे प्रकाश गोळे लडाखला गेले, तेही याच अभ्यासाच्या वाटेने.

पांजरपोळ आणि सोसायटी यांच्यात अंतर फार तर दोन-तीन मैलांचे. दृष्टीचे अंतर मात्र मोठे आहे. पांजरपोळाला समोरचे एक जनावर दिसते. त्याचे डोळे, त्याची भूक, त्याची जखम. सोसायटीला जात दिसते: ती कुठे वीण घालते, काय खाते, तिला कोण खाते, तिची संख्या वाढते की घटते. एका दृष्टीचा पाया करुणा, दुसरीचा कुतूहल. शहरात दोन्ही परंपरा एकमेकींच्या वाटेला न जाता सुखाने नांदल्या, कारण शहरातल्या जनावरांपुरती त्यांची टक्कर होण्याचे फारसे कारण नव्हते. पहाडात ती टक्कर अटळ होते.

चांगथांगचे उदाहरण घेऊ. लडाखच्या पूर्वेचे हे पठार म्हणजे थंड वाळवंट. गवत तुरळक, उन्हाळा जेमतेम चार महिन्यांचा, पाणथळी मोजक्या. याच पाणथळींत काळ्या मानेचा क्रौंच जमिनीवर घरटे करतो आणि बहुधा दोनच अंडी घालतो. पट्टकादंब हंसांची भारतातली वीणही इथल्याच सरोवरांवर होते. सात हजार मीटरच्याही वर उडताना ज्याची नोंद झाली आहे आणि थंडीत जो महाराष्ट्रातल्या जलाशयांवर उतरतो, तोच हा हंस. शेकडो शतके या पक्ष्यांनी लांडगा, कोल्हा, कावळे यांच्याशी हिशेब जमवलेला होता. गेल्या पाच-सहा दशकांत या हिशेबात एक नवा भिडू आला: कुत्रा.

धनगरांचे राखणदार कुत्रे तिथे पूर्वीही होते. पण मोजके, आणि मालक असलेले. १९६२ नंतर सरहद्दीवर लष्कराच्या छावण्या वाढल्या, रस्ते झाले, मजूरवस्त्या आल्या आणि मागून पर्यटक आले. प्रत्येक वस्तीमागे उरल्या-सुरल्या अन्नाचा ढीग आला आणि ढिगामागे कुत्र्यांची टोळी. बौद्ध समाज कुत्रा मारत नाही, जवान प्रेमाने पोळी टाकतो, पर्यटक बिस्किटे टाकतो. उन्हाळाभर टोळी पोसली जाते, वाढते. ऑक्टोबरात हॉटेलांना कुलपे लागतात, गाड्या खाली उतरतात. कुत्रे मात्र तिथेच राहतात. उपाशी टोळी मग रानात शिरते. क्रौंचाची अंडी आणि पिल्ले, मार्मोट, क्यांग या रानगाढवाचे शिंगरू, धनगराची बकरी, जे सापडेल त्याचा फडशा पाडते. हिमबिबट्याने केलेल्या शिकारीवरूनही कुत्र्यांच्या टोळीने त्याला हुसकावल्याच्या नोंदी आहेत. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला बिबट्या कुत्री खातो. लडाखमध्ये कुत्री बिबट्याच्या भावंडाच्या तोंडचा घास काढतात. हिमाचल प्रदेशातल्या स्पितीत झालेल्या एका अभ्यासात तर पाळीव जनावरे मारण्यात कुत्र्यांचा वाटा हिमबिबट्या आणि लांडगा यांच्याहूनही मोठा निघाला. धनगर ज्या नुकसानीसाठी रानटी श्वापदाला शिव्या देतो, तिचा मोठा भाग माणसाने पोसलेल्या जनावराने केलेला असतो.

इथे कुणीही सहृदय वाचक विचारील, मग कुत्र्याने काय पाप केले? त्याचा जीव तो जीव नाही का? हा प्रश्न टाळून चालणार नाही, आणि ‘स्थानिक जात श्रेष्ठ, परकी जात कनिष्ठ’ अशा कोरड्या उत्तराने तो सुटतही नाही. कुत्र्याचा जीव क्रौंचाच्या जीवाहून स्वस्त आहे, असे मला म्हणायचे नाही. मला एवढेच म्हणायचे आहे, की कुत्र्याला दिलेली पोळी तिथे संपत नाही. देणाऱ्याच्या दृष्टीआड तिचा प्रवास चालू राहतो. एका पोळीवर एक कुत्री जगते, तिला पिल्ले होतात, ती पिल्ले माघात उपाशी पडतात. त्यांतली काही गोठून मरतात आणि उरलेली क्रौंचाच्या घरट्यावर जातात. म्हणजे या दयेने कुत्र्याचेही भले होत नाही. भले होते ते पोळी टाकणाऱ्याच्या मनाचे, आणि त्याची किंमत दुसरेच कुणी मोजते: पक्षी, धनगर आणि खुद्द कुत्रा.

नसबंदी हा कायद्याने सांगितलेला मार्ग आहे आणि तो योग्यही आहे. पण तो मार्ग शहराच्या गल्लीचा विचार करून आखलेला आहे. कुत्रा जिथून उचलला, तिथेच नसबंदी करून सोडायचा, असा नियम आहे. परळच्या गल्लीत याला अर्थ आहे. जागेवरचा कुत्रा हटला तर दुसरा येतो. क्रौंचाच्या पाणथळीलगत मात्र नसबंदी झालेला कुत्राही अंडी खातोच; शस्त्रक्रियेने वीण थांबते, भूक थांबत नाही. पाच-दहा वर्षांनी संख्या घटेल, हे खरे. पण ज्या पक्ष्याची वीण दोन अंड्यांची, त्याने तोवर काय करावे? तेव्हा पहिले काम अन्नाचा ढीग बंद करणे, दुसरे नसबंदी आणि तिसरे पाणथळींभोवती कुत्र्यांना मज्जाव. हा क्रम उलटा करून चालत नाही.

याचे छोटे रूप आपण नुकतेच दादरला पाहिले. जुलै २०२५ मध्ये सरकारने कबुतरखाने बंद करण्याचे जाहीर केले, पालिकेने ताडपत्री घातली, ऑगस्टमध्ये जमावाने ती फाडली, आणि प्रकरण उच्च न्यायालयात गाजले. एका बाजूला श्वसनाच्या विकारांची भीती, दुसऱ्या बाजूला श्रद्धा. त्या वादात दोन्हीकडून बरेच बोलले गेले. मात्र दाण्यांवर पोसलेल्या कबुतरांच्या भरमसाट वाढीने इतर पक्ष्यांचे काय होते, हा प्रश्न जवळपास कुणी विचारला नाही. आपली भांडणे दाणे टाकण्याच्या हक्काभोवती किंवा माणसाच्या फुप्फुसांभोवती फिरतात. तिसरा पक्ष, म्हणजे ज्याला दाणे नको आहेत आणि ज्याची फक्त जागा जाते, तो न्यायालयात उभा राहत नाही.

आता दुसऱ्या परंपरेकडे वळू, कारण सगळा दोष दयेच्या माथी मारून अभ्यासाला मोकळे सोडणे अन्यायाचे होईल. अभ्यासकांनी जाती मोजल्या, नकाशे काढले, आणि त्या नकाशांवर सरकारने अभयारण्यांच्या रेषा मारल्या. हेमिस राष्ट्रीय उद्यान १९८१ चे, चांगथांगचे अभयारण्य १९८७ चे. या रेषांच्या आत माणसे होती, त्यांची याक आणि पश्मिना बकऱ्यांची खांडे होती. रेषा आखणाऱ्यांनी हिमबिबट्या काय खातो हे नीट टिपले. तो कुणाचे खातो, हा प्रश्न मात्र उशिरा विचारला गेला.

तो विचारणाऱ्यांत चारुदत्त मिश्रा यांचे नाव ठळक आहे. स्पितीतल्या किब्बर परिसरातला त्यांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. गावकऱ्यांच्या सांगण्यानुसार हिमबिबट्या आणि लांडगे यांनी दीड वर्षात त्यांच्या जनावरांपैकी १८ टक्के मारली होती. सरकारी भरपाई मिळत होती ती नुकसानीच्या सुमारे ३ टक्के. हे आकडे डोळ्यांपुढे आणून पाहावेत. ज्याच्याकडे पन्नास बकऱ्या आहेत, त्याच्या नऊ बकऱ्या दीड वर्षात देशाच्या नैसर्गिक वारशाच्या नावाने जातात, आणि देश त्याला एका बकरीचीही पुरती किंमत देत नाही. तरीही त्याने विष घातले, तर गुन्हेगार तो. गिरगावात सोसायटीच्या पार्किंगसाठी महिन्याला दोनशे रुपये वाढवले, तर आपण वार्षिक सभा उधळतो. किब्बरच्या धनगराने मात्र न कुरकुरता हिमबिबट्या पोसावा, अशी आपली अपेक्षा असते.

किब्बरमध्ये पुढे जे घडले, ते म्हणूनच महत्त्वाचे. गावाने आपल्या चराईतला सुमारे पाच चौरस किलोमीटरचा पट्टा चराईमुक्त ठेवला, त्याबद्दल गावाला मोबदला मिळाला, आणि तिथे भरल म्हणजे निळी मेंढी वाढू लागली. पुढे तो पट्टा मोठा करण्यात आला. २००२ पासून गावकऱ्यांनी स्वतःच जनावरांचा विमा चालवला: हप्ता पशुपालकाचा, त्यात भर बाहेरच्या निधीची, आणि कोणत्या बकरीचे पैसे द्यायचे हे गावच ठरवणार. लडाखमध्ये गोठ्यांवर जाळी टाकण्याचा साधा उपाय झाला. गोठ्यात शिरलेला हिमबिबट्या घाबरून एका रात्रीत दहा-वीस बकऱ्या मारतो. जाळीने ते थांबते आणि सूड म्हणून बिबट्याला मारण्याचे कारणही उरत नाही. रिंचेन वांगचुक यांच्यासारख्या लडाखी कार्यकर्त्यांनी पर्यटकाला गावातल्या घरी उतरवण्याची पद्धत रुजवली, म्हणजे बिबट्या जिवंत असण्याचा पैसा थेट त्या घरात येऊ लागला, ज्या घरची बकरी जाते.

या सगळ्यांत एक समान सूत्र आहे. कुणीही कुठल्याही प्राण्याला काही खाऊ घातलेले नाही. फक्त एवढे पाहिले आहे, की रानातल्या प्राण्याच्या घासाची किंमत एकट्या गरिबाने मोजू नये. माझ्या मते संवर्धनाचे मर्म हेच आहे. दया विचारते, कुणाला घास द्यावा? अभ्यास विचारतो, कोण कुणाचा घास आहे? संवर्धनाने त्यापुढे जाऊन विचारायला हवे, की हा घास कुणाच्या तोंडचा जातो, आणि त्याची भरपाई कोण करतो?

भारतातले हिमबिबटे पहिल्यांदाच पद्धतशीर मोजले गेले, तो आकडा जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाला: ७१८. त्यांतले ४७७ एकट्या लडाखमध्ये. म्हणजे देशातल्या दर तीन हिमबिबट्यांपैकी दोन अशा प्रदेशात आहेत, ज्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पावणेतीन लाखांच्या आत होती. परळ-लालबाग-दादर-माहीम पट्ट्यात याहून अधिक माणसे राहतात. एवढीशी वस्ती साऱ्या देशाचा ठेवा सांभाळते आहे. उलट बाजूने, २०२२ साली लडाखला पाच लाखांहून अधिक पर्यटक गेले, म्हणजे यजमानांच्या जवळपास दुप्पट पाहुणे. त्यांत मराठी पाहुणे किती, हे सांगायला आकडा लागत नाही. लेहच्या बाजारात कान उघडे ठेवले की पुरते. २००९ च्या ‘थ्री इडियट्स’नंतर पँगाँग हे घराघरांतले नाव झाले, आणि दादरच्या यात्रा कंपन्यांच्या काउंटरवर लेह-नुब्रा-पँगाँग ही महाबळेश्वर-पाचगणीसारखी सवयीची सहल झाली. बॅगेत लालबागच्या चिवडा गल्लीतली पाकिटे जातात, तिथे वरण-भात आणि आमरससुद्धा मिळेल अशी हमी दिली जाते. यात हसण्यासारखे काही नाही. परमुलखात आपले जेवण हवेसे वाटणे माणसाचे आहे. पण चार हजार मीटरवर शिजवलेल्या त्या भाताचे उरलेले काय होते? तिथे कचरा सहजी कुजत नाही, थंडी आणि कोरडी हवा त्याला टिकवून ठेवतात. उरलेले अन्न बहुतेकदा तंबूंमागच्या खड्ड्यात जाते, आणि खड्ड्यावर टोळी वाट पाहत असतेच. मुंबईच्या ताटातली उष्टी पोळी क्रौंचाच्या घरट्यापर्यंत पोचायला एवढीच साखळी पुरते.

यावर यात्रेकरूचे उत्तर तयार असते: आम्ही गेलो म्हणून तिथे पैसा आला, ड्रायव्हरला, हॉटेलवाल्याला, खेचरवाल्याला काम मिळाले. ते खरेच आहे. पण तो पैसा कुठे थांबतो, ते पाहा. लेहमधल्या हॉटेलाला आणि गाडीला मिळणारा पैसा चांगथांगच्या चांगपा धनगरापर्यंत फारसा झिरपत नाही. ज्याची बकरी हिमबिबट्याने नेली तो एक, आणि ज्याला हिमबिबट्याच्या फोटोचे पैसे मिळाले तो दुसरा, असे होत राहिले तर पहिल्याने बिबट्या का जगू द्यावा? आता तर हिवाळ्यात खास हिमबिबट्या दाखवण्याच्या सहली निघतात. त्यांत ‘दिसलाच पाहिजे’ हा हट्ट असतो. वाघाच्या जिप्सींनी ताडोबात काय केले हे पाहिलेल्या महाराष्ट्राने तरी हा हट्ट धरू नये.

पर्यटनापेक्षाही लांब हात बाजाराचा आहे. काळा घोडा किंवा कुलाब्याच्या दुकानातली पश्मिना शाल मऊ असते, तशी निष्पापही वाटते, कारण ती विणताना कुणाचा जीव गेलेला नसतो. शाहतूशची गोष्ट उघड होती. तिच्यासाठी चिरू हे तिबेटी हरिण मारावेच लागते, एका शालीला तीन ते पाच, म्हणून तिच्यावर बंदी आली. पश्मिनाचे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. जगभरातली मागणी वाढली तशा मध्य आशियात आणि चांगथांगमध्ये बकऱ्या वाढल्या, आणि तुटपुंज्या गवतावर क्यांग, भरल आणि नयन नावाची रानमेंढी यांच्याशी त्यांची स्पर्धा लागली. रानटी चरणारे घटले की हिमबिबट्या गोठ्याकडे वळतो, आणि वर्तुळ पुरे होते. म्हणून शाल घेऊ नये, असे मी म्हणत नाही. चांगपांचे पोट त्या लोकरीवर आहे. पण गावाने ठरवून बकऱ्यांची संख्या आवरली आणि त्याबद्दल लोकरीला जास्त भाव मिळाला, तर तो जास्त भाव देण्याची तयारी गिऱ्हाइकाने ठेवायला हवी. आपण नेमके उलटे करतो. घासाघीस करतो आणि जिंकल्याच्या आनंदात घरी येतो.

तर मग करुणेची परंपरा मोडीत काढायची का? नाही. मला वाटते, तिला फक्त नवे काम द्यायला हवे, आणि याचा उत्तम धडा लडाखनेच घालून दिला आहे. तिथे लांडगे पकडण्यासाठी दगडी भिंतींचे खोल खड्डे पूर्वापार असत. आत आमिष ठेवायचे, आत पडलेला लांडगा दगडांनी मारायचा. चुशूलच्या गावकऱ्यांनी अभ्यासकांच्या आणि धर्मगुरूंच्या साथीने हे खड्डे वापरातून काढले. भिंतीला खिंडार पाडून लांडग्याला बाहेर पडायची वाट केली, आणि शेजारी स्तूप उभारला. खड्डे बुजवून टाकले नाहीत, पूर्वजांची खूण म्हणून राखले. श्रद्धा तीच, अहिंसा तीच. पण तिने लांडग्याला मांसाचा तुकडा टाकला नाही. तिने माणसाचाच हात आवरला. आपल्याकडचे पुण्यही असे वळवता येईल. पांजरपोळ उभारणाऱ्या शहराला पैसे जमवणे आणि संस्था दीडशे-दोनशे वर्षे चालवणे उत्तम जमते. एखाद्या चाळीच्या मंडळाने वर्षाला एका गावाच्या विम्यात भर घालावी, एखाद्या ट्रस्टने लडाखच्या नसबंदी मोहिमेला शस्त्रक्रियेची सामग्री पुरवावी, बैलघोडा हॉस्पिटलच्या परंपरेतल्या पशुवैद्यांनी उन्हाळ्यात दोन आठवडे तिथे द्यावेत. यात दाणे टाकण्याइतके तत्काळ समाधान नाही. कुठला पक्षी आपल्यामुळे वाचला हे कधीच दिसणार नाही. ज्याच्यावर दया केली त्याने आपल्याकडे पाहावे, ही अपेक्षा सोडून देणे हा या दयेचा कठीण भाग आहे.

घरचे काम त्याहून सोपे आहे. कुरवाला मासा पकडता येतो. त्याला गाठींची गरज नाही. मिठा-मसाल्याचे तळलेले पीठ कुठल्याच पक्ष्याचे अन्न नव्हे. त्याची सवय लागली, तर बोटीमागे झुंडीने लोटणे हाच त्याचा धंदा होतो. एप्रिलमध्ये त्याला हजारो मीटर चढून घरी जायचे आहे. तेव्हा पुडी खिशात ठेवावी आणि पोराला त्या फिकट डोळ्याकडे पाहायला शिकवावे.

आणि मे महिन्याच्या लडाख सहलीची चौकशी करायला काउंटरवर जाल, तेव्हा वरण-भाताच्या आधी तीन प्रश्न विचारा. उरलेले अन्न आणि कचरा खाली कोण आणते? एक तरी मुक्काम गावातल्या घरी आहे का, आणि त्याचे किती पैसे त्या घरात जातात? वाटेत कुत्र्यांना खाऊ घालू नये, हे तुमचा सहल-व्यवस्थापक लोकांना सांगतो का? या प्रश्नांनी सहल दोन-चार हजारांनी महाग झाली, तर ती महाग झाली असे समजू नये. आजवर हे पैसे किब्बरचा धनगर आपल्यासाठी भरत होता. समोरच्याला उत्तर देता आले नाही, तर शेजारच्या काउंटरवर जावे. दादरमध्ये काउंटरांना तोटा नाही, आणि मराठी गिऱ्हाईक एकच गोष्ट चार ठिकाणी विचारू लागले, की तिसऱ्या ठिकाणी ती छापील पत्रकात येते.